पाच टनांचा अ‍ॅक्सल, चार मिलिमीटरचा फूट

बार्शी लाइट रेल्वेच्या जुन्या इंजिनाचं मॉडेल बांधायचं किट मी बरंच शोधलं. मला काही सापडलं नाही. त्याच्या इंग्लंडमधल्या धाकट्या भावंडाचं मात्र मिळालं. तेच घेतलं आणि बांधलं.

भावंड म्हणायला कारण आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेत लोको इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आला. लहान गेजच्या, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर कमी असलेल्या, गाड्या म्हणजे खेळणी, हे त्याला मान्य नव्हतं. त्याचा हिशोब साधा होता. इंजिन असो की वाघीण, कुठल्याच चाकांच्या आसावर, म्हणजे अ‍ॅक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरतात, आणि त्यावरून ओझं मात्र भरपूर नेता येतं. या हिशोबावर १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी लाइन सुरू झाली. इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची, ०-८-४ टँक; म्हणजे पुढं आधाराची चाकं नाहीत, मधे ओढणारी आठ, मागं चार, आणि पाण्याच्या टाक्या इंजिनावरच. पुढं १९०४ साली स्टॅफर्डशर परगण्यात ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ नावाची सव्वाआठ मैलांची लाइन झाली, तिचाही इंजिनिअर हाच. गेज तोच, इंजिनांचा कारखाना तोच, फक्त चाकांची मांडणी २-६-४. इंजिनं दोनच. एकाचं नावच ‘ई. आर. कॅल्थ्रॉप’, दुसऱ्याचं ‘जे. बी. अर्ल’. पुढं याच कॅल्थ्रॉपनं वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट काढलं, पण तो वेगळाच विषय आहे.

ती लाइन १९३४ साली बंद पडली आणि दोन्ही इंजिनं भंगारात गेली. रुळांच्या जागी आता डांबरी पायवाट आहे. मी मँचेस्टरजवळ राहते, तिथून गाडीनं फार लांब नाही. सायकल घेऊन आम्ही जातो कधीकधी. हल्म एंडच्या जुन्या स्टेशनात माहिती केंद्र आहे, तिथं त्या स्टेशनचं मॉडेलही मांडलंय. जुने फोटो पाहिले की कुर्डुवाडीच्या कुणालाही ओळख पटावी. तसाच बुटका बॉयलर, तशीच ऐसपैस कॅब, आणि समोर एवढा थोरला दिवा, की इंग्लंडच्या त्या हिरव्यागार दरीत तो काय उजेड पाडणार होता देव जाणे. माझे वडील, अण्णा, कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये फिटर होते. हे इंजिन का निवडलं, याचं उत्तर एवढंच.

आता किटबद्दल. पाकीट उघडलं की आत इंजिन नसतंच, असतात पत्रे. माझ्या किटमध्ये पितळेचे दोन आणि जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रणाचा, एक होता. शिवाय पांढऱ्या धातूच्या आणि पितळेच्या ओतीव भागांची एक पुडी, थोडी तार, आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना बारीक अक्षरात सूचना. चाकं, मोटर, गिअर वेगळे विकत घ्यायचे. पत्र्यातले भाग कापलेले नसतात, कोरलेले असतात. पत्र्याच्या दोन्ही अंगांना प्रकाशानं घट्ट होणारा लेप देतात, त्यावर आराखड्याची फिल्म ठेवून उजेड पाडतात, मग न घट्टावलेला लेप धुऊन पत्रा फेरिक क्लोराइडच्या फवाऱ्यात सोडतात. उघडा धातू विरघळतो, झाकलेला राहतो. दोन्ही बाजूंनी खाल्लं तर आरपार फट पडते. एकाच बाजूनं खाल्लं तर अर्ध्या जाडीची चर राहते आणि त्या चरीवर पत्रा घडी घालता येतो. घडी घालताना चर आतल्या अंगाला, हा नियम बहुतेक किटांना लागू. रिव्हेटच्या जागी मागच्या बाजूला बारीक खळगे असतात. टोकदार सळईनं ते एकेक दाबले की पुढच्या बाजूला उंचवटा येतो. टाकीच्या एका बाजूवरच इतके रिव्हेट की पहिल्या रांगेला उत्साह असतो, दुसरीला शिस्त, आणि तिसरीच्या वेळी रेडिओ लावावा लागतो.

फेरिक क्लोराइड दोन्हीकडून आत शिरतं, त्यामुळं कडेला मधोमध एक बारीकसा धारदार कंगोरा राहतो. भाग पत्र्यातून सोडवला की हा कंगोरा कानशीनं काढायचा, सगळ्या बाजूंनी. सूचनांमध्ये त्याला एक ओळ असते, पण कामात तो अर्धा वेळ खातो. कंगोरा राहिला की दोन पत्रे काटकोनात बसत नाहीत. टाकी फुटप्लेटवर, म्हणजे खालच्या आडव्या पत्र्यावर, डुगडुगते, आणि मग फट सोल्डरनं, म्हणजे सांधे जोडायच्या मऊ धातूनं, बुजवायचा मोह होतो. किटवाल्यानं कापून दिलेलं असतं, बसवून दिलेलं नसतं. बसवणं कानशीचं काम आहे.

गेजचा प्रश्न आधीच सांगून टाकते, कारण अण्णांनी पहिला आक्षेप त्यावरच घेतला. हे मॉडेल एका फुटाला चार मिलिमीटर या मापाचं. अडीच फुटी लाइन त्या मापात बरोबर दहा मिलिमीटर यायला हवी. पण या मापातले छोट्या गेजचे लोक नऊ मिलिमीटरचे रूळ वापरतात, कारण जपान-जर्मनीच्या एन गेजमुळं नऊ मिलिमीटरची चाकं, मोटारी, रूळ सगळं तयार मिळतं. म्हणजे माझं इंजिन सव्वादोन फुटी लाइनवर धावतं. व्हिडिओ कॉलवर अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, “तीन इंच खाल्लेस व्हय गं? मग डबे पडतील की!” डबे पडत नाहीत. पण समोरून पाहिलं की चाकं जरा आत गेल्यासारखी वाटतात, आणि एकदा वाटलं की मग तेवढंच दिसतं. दहा मिलिमीटरवर काम करणारेही काही जण आहेत. त्यांना रूळसुद्धा हातानं करावे लागतात. माझी तेवढी तयारी नव्हती.

काम चेसिसपासून, म्हणजे चाकं असलेल्या खालच्या सांगाड्यापासून, सुरू करायचं. वरचं अंग कितीही देखणं झालं तरी खालचं धावलं नाही तर ते शोकेसमध्ये जातं. या इंजिनाची फ्रेम चाकांच्या बाहेरून असते आणि क्रँक, म्हणजे चाक फिरवणारा आखूड हात, त्याहून बाहेर. मॉडेलमध्ये मात्र भार आतल्या फ्रेमवर येतो आणि बाहेरची फ्रेम दिसण्यापुरती राहते. अ‍ॅक्सल आतल्या फ्रेमच्या बुशमधून म्हणजे छोट्या नळीतून, चाकातून, बाहेरच्या फ्रेमच्या मोठ्या भोकातून निघतो आणि त्याच्या टोकावर क्रँक दाबून बसतो. आतल्या दोन्ही फ्रेम एकमेकींवर ठेवून भोकं एकत्र मोठी केली, मग मधल्या पट्ट्या लावून चौकट उभी केली. जाड काचेचा तुकडा हा माझा सरळपणाचा पंच. काचेवर ठेवल्यावर चौकट कुठल्याही कोपऱ्यावर डुलली की सोल्डर सैल करून पुन्हा बसवायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

क्रँकची गोष्ट जरा तपशिलात सांगायला हवी. वाफेच्या इंजिनाचे डावे-उजवे क्रँक एकमेकांशी ९० अंशांत असतात. एक पिस्टन टोकाला अडकला असला तरी दुसरा मधे असतो आणि इंजिन कुठूनही निघू शकतं. मॉडेलला पिस्टनसाठी या कोनाची गरज नसते, पण कपलिंग रॉडसाठी, म्हणजे चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यांसाठी, असते. दोन्ही बाजू एकाच वेळी टोकाला आल्या तर मागची-पुढची चाकं उलटी फिरायला मोकळी होतात आणि रॉड जाम होतात. नव्वदचा कोन काटेकोर साधावा म्हणून लोक रात्री जागतात. खरं तर नव्वदच्या जागी एकोणनव्वद आला तरी गाडी धावते. तिन्ही अ‍ॅक्सलवर एकसारखा आला पाहिजे, एवढंच. म्हणून मी पहिल्या अ‍ॅक्सलचे दोन क्रँक पक्के केले, कपलिंग रॉड चढवले आणि बाकीचे दोन अ‍ॅक्सल रॉडनाच जुळवू दिले. चेसिस काचेवर ठेवून एका बोटानं ढकलायची. जिथं अडते तिथं कुठली पिन रॉडच्या भोकाच्या कुठल्या कडेला टेकलीय ते भिंगातून पाहायचं आणि त्याच कडेला गोल कानशीचा एक हात द्यायचा. एकच. मग पुन्हा ढकलायची. काच एका बाजूनं वहीभर उचलली की चेसिस आपल्या वजनानं घरंगळली पाहिजे. ती घरंगळेपर्यंत मोटर पाकिटातून काढायची नाही, असा आमच्या मॉडेल रेल्वे क्लबमधल्या एका जुन्या गृहस्थांचा दंडक आहे. मी तो पाळला.

अण्णांनी चेसिस पाहून विचारलं, “स्प्रिंगा कुठं आहेत?” म्हटलं, एवढ्याशा चाकांना कसल्या स्प्रिंगा. त्यावर त्यांनी फिटरचा धडा दिला. रूळ कुठंच सपाट नसतो, सहापैकी चारच चाकं टेकली तर बाकीची दोन फुकट ओझं. त्यांचं म्हणणं इथंही तंतोतंत लागू पडतं, उलट जास्तच, कारण वीज चाकांमधून घ्यायची असते आणि न टेकलेलं चाक वीजही घेत नाही. किटमध्ये त्याची सोय होती. मागचा अ‍ॅक्सल, ज्याला गिअर लागतो, तो पक्का. पुढच्या दोघांच्या बुशना वरखाली सरकायला फट, आणि त्यांच्या वर मधोमध एक छोटी तुळई, मध्यावर टेकलेली. एक अ‍ॅक्सल वर गेला की दुसरा खाली दाबला जातो. अण्णांना कागदावर काढून दाखवलं. “हां, मग बरोबर,” म्हणाले. त्यांच्या तोंडचं ‘बरोबर’ फार स्वस्तात मिळत नाही.

गिअरचा हिशोब मला स्वतःला आवडला म्हणून इथं मांडते. खऱ्या इंजिनाचं मोठं चाक अडीच फुटांचं, म्हणजे मॉडेलचं दहा मिलिमीटरचं, परीघ साधारण ३१ मिलिमीटर. ताशी १५ मैल हा वेग या मापात सेकंदाला ८८ मिलिमीटर होतो. म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे १७० फेरे. आठवड्याच्या बाजाराला निघालेल्या लाइनला एवढा वेग पुष्कळ. छोटी मोटर मिनिटाला दहा हजार फेऱ्यांवर सुखात असते, म्हणून मधे ६० ला १ असा गिअरबॉक्स. दुकानातली तयार मॉडेलं स्टेशनातून सुसाट सुटतात त्याचं कारण बहुतेक वेळा हाच आकडा असतो. स्वस्तातला गिअर कमी पटीचा आणि मोटर वेगवान.

आता सोल्डर. या सगळ्या कामाचं मर्म तिथं आहे, आणि पुस्तकी सूचना तिथंच सर्वांत मुक्या. आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा. भाता मारून भट्टी पेटवायचा, भांडं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, धूर उठायचा, मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्यानं एका झटक्यात सगळीकडं चांदी फिरवायचा. कथील त्याच्या हाताकडं पाहून पसरत नसे. जिथं भांडं तापलेलं आणि नवसागरानं साफ झालेलं, तिथंच ते धावे. इथंही तोच कायदा. आयर्नच्या, म्हणजे सोल्डर वितळवायच्या तापत्या अवजाराच्या, टोकावर सोल्डर घेऊन ते सांध्यावर फासायचं नसतं. सांध्याला फ्लक्सचा, म्हणजे इथल्या नवसागराचा, थेंब लावायचा, आयर्न दोन्ही पत्र्यांना एकदम टेकवायचा, आणि धातू तापला की सोल्डर आपणहून फटीत ओढलं जातं, पाठीमागून चकाकणारी रेघ उमटते. रेघ उमटली की आयर्न उचलायचा, लगेच.

नवखे लोक बारीक कामाला बारीक आयर्न घेतात. व्हायला हवं उलट. पितळ उष्णता झपाट्यानं वाहून नेतं, जर्मन सिल्व्हरच्या तीन-चार पट. बारीक आयर्न पितळेच्या फुटप्लेटवर टेकवून बसलं की सांधा तापेपर्यंत उष्णता सगळ्या पत्र्यात पसरते, आधी केलेले सांधे सुटतात आणि पत्रा पोक काढतो. जाड टोकाचा, दमदार आयर्न एक-दोन सेकंद टेकवला तर सांधा होतो आणि शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. चेसिस जर्मन सिल्व्हरची का देतात तेही मला तेव्हा नीट कळलं. तिथं उष्णता जागच्या जागी राहते, सांधे जवळजवळ असले तरी एकमेकांचं बिघडवत नाहीत.

त्यावर दुसरा उपाय म्हणजे वेगवेगळ्या तापमानाची सोल्डर. फुटप्लेट, टाक्या, कॅब असे मोठे सांधे १८८ अंशांच्या सोल्डरनं केले, कथील आणि शिशाचं नेहमीचं मिश्रण. त्यावरचे बारीक भाग, पायऱ्या, दिव्यांचे हूक, कठड्याच्या खुंट्या, १४५ अंशांनी. आणि पांढऱ्या धातूचे ओतीव भाग ७० अंशांच्या सोल्डरनं, आयर्न अगदी मंद करून. नाही तर समोरचा व्हॅक्यूम पाइप डोळ्यांदेखत थेंब होऊन ओघळतो. ७० चं सोल्डर उघड्या पितळेला धरत नाही, म्हणून तेवढ्या जागेला आधी १४५ ची पातळ कल्हई द्यायची. उतरत्या क्रमानं गेलं की नवा सांधा करताना जुना सुटत नाही. तरीही एखादा भाग फारच जवळ असेल तर त्याच्यावर ओल्या टिश्यूची घडी ठेवायची. कुठला भाग केव्हा लावायचा हे मी सूचनांच्या क्रमानं केलं नाही, उष्णतेच्या क्रमानं केलं. सूचनांप्रमाणं कॅबच्या आतले कठडे आधी लागत होते; मी कॅब, कोळशाचा बंकर, छताचा आधार सगळं उभं करून मग तिथं चिमटा घातला. हाताला अडचण झाली, पण सांध्यांना झाली नाही.

एक काळजीची गोष्ट. १४५ आणि ७० अंशांच्या सोल्डरमध्ये बहुधा कॅडमियम असतं, आणि माझा फ्लक्स फॉस्फोरिक आम्लाचा. खिडकी उघडी आणि छोटा पंखा सुरू, त्याशिवाय मी बसत नाही. रोज काम संपलं की मॉडेल भांड्यांच्या साबणानं आणि जुन्या टूथब्रशनं घासून धुवायचं. आम्ल राहिलं तर सकाळी हिरवे डाग, आणि त्याच पेटीतल्या कानशींवर गंज. स्वयंपाकघराच्या ओट्यावर इंजिन आंघोळ करतंय याची घरात आता कुणाला नवलाई राहिली नाही. टूथब्रश कुठला, एवढं मात्र विचारून घेतात.

टाकीचा कोपरा हा किटमधला सर्वांत समाधानाचा सांधा. बाजूचा लांब पत्रा, पुढचा आखूड पत्रा, दोन्ही एकाच तुकड्यात, मधे घडीची चर. पट्टीत आवळून एकाच दमात नव्वद अंशांत वळवायचा. घडी दोनदा उलटसुलट केली तर चर तुटते. वळवला की आतल्या कोनात सोल्डरची धार सोडायची, म्हणजे घडी पुन्हा हलत नाही. बाहेरून कोपरा अगदी किंचित गोल येतो, खऱ्या पत्र्याच्या टाकीला असतो तेवढाच. त्यावर कानस लावायचीच नाही.

बॉयलर गुंडाळायला मी घाबरत होते, आणि तो फार सहज झाला. संगणकाच्या माउसखालची जुनी रबरी चटई घेतली, तीवर पत्रा ठेवला आणि बॉयलरपेक्षा बारीक अशी पोलादी सळई दाबून पुढंमागं फिरवली. पत्रा हळूहळू वळत जातो. काही जण आधी पत्रा लालसर तापवून मऊ करतात. मी केला नाही, कारण मऊ पितळेला नंतर बोटाचाही पोचा पडतो. जोड खाली ठेवायचा, टाक्यांच्या मधे तो दिसत नाही. मागं चौकोनी खांद्यांचं बेल्पेअर फायरबॉक्स, म्हणजे कोळसा जळतो ती पेटी. त्याच्या खांद्याचा गोलवा मात्र फोटो समोर ठेवून चार-पाच वेळा कमी-जास्त करावा लागला. या इंजिनाचा चेहरा त्या खांद्यांत आहे.

मग वॉलशार्ट गिअर. क्रँकपासून व्हॉल्वपर्यंत जाणाऱ्या दांड्यांची ती साखळी बाहेरून दिसते, म्हणून करायलाच हवी. प्रत्येक दांडी दोन पातळ पत्र्यांची, एकावर एक सोल्डर केलेली, काही ठिकाणी मिलिमीटरपेक्षा बारीक. दोन दांड्यांचा सांधा फिरता ठेवायचा. म्हणजे सोल्डर पिनला लागलं पाहिजे आणि दांड्यांना लागता कामा नये. जागा मात्र दोन्हींची एकच. युक्ती जुनी आहे. दोन दांड्यांच्या मधे सिगारेटच्या पातळ कागदाचा तुकडा तेलात भिजवून ठेवायचा. मागून बारीक पिन घालायची, पुढच्या दांडीच्या तोंडाशी फ्लक्स काडीच्या टोकानं, दिसेल न दिसेल एवढाच. आयर्नवर टाचणीच्या डोक्याएवढं सोल्डर. टेकवलं, चकाकलं, उचललं. थंड झालं की कागद ओढून काढायचा. तो निघाला की मधे केसाएवढी मोकळीक राहते आणि दांडी स्वतःच्या वजनानं खाली लोंबते. लोंबली की जमलं. पिनचं उरलेलं टोक कापून कानशीनं पातळ करायचं, नाही तर पुढच्या फेऱ्यात ते क्रँकला आपटतं. एक बाजू पूर्ण झाली तेव्हा चेसिसला हातानं सावकाश एक फेरा दिला. कनेक्टिंग रॉड पुढं गेला, रिटर्न क्रँकनं आपली छोटी दांडी मागं ओढली, एक्स्पान्शन लिंक डुलली. मोटर नव्हती, रंग नव्हता. त्या संध्याकाळी पुढचं काही केलंच नाही, फेरेच देत बसले.

वजनाबद्दल अण्णांशी पुन्हा वाद झाला. २-६-४ मध्ये मागं बोगी, पुढं एक बिचारा अ‍ॅक्सल आणि मधे खरं काम करणारी सहा चाकं. कॅब, बंकर सगळं मागं, त्यामुळं तोल मागं झुकतो आणि पुढचं चालक चाक उचललं जातं. टाक्यांमध्ये आणि बॉयलरच्या पुढच्या भागात शिसं भरलं. शिशाचे बारीक छर्रे मिळतात. ते लाकडाच्या पांढऱ्या डिंकानं चिकटवू नयेत, हे या छंदातले अनुभवी लोक नव्यांना बजावून सांगतात. डिंकातलं आम्ल शिशाला खातं, त्याचं पांढरं क्षार होऊन फुगतं आणि वर्ष-दोन वर्षांनी टाकी आतून फाटते. मी इपॉक्सी वापरलं. अण्णांचा आग्रह होता की पाच टनांचा नियम मॉडेललाही लावावा आणि सगळ्या अ‍ॅक्सलवर भार सारखा वाटावा. कॅल्थ्रॉपला ते आवडलं असतं, पण नऊ मिलिमीटरच्या रुळावर पुढच्या चाकाला आणि बोगीला भार दिला की ओढणारी चाकं हलकी होऊन घसरतात. शेवटी भार मधल्या सहांवर ठेवला, आणि टोकाच्या चाकांना रुळावरून पडू नयेत एवढ्यापुरती बारीक तारेची स्प्रिंग दिली.

रंगकामात सांगण्यासारखं फारसं नाही. शेवटची मोठी आंघोळ, मग धातूला चावणारा प्रायमर, मग एअरब्रशनं दोन-तीन पातळ थर. रंग सुरुवातीच्या वर्षांतला चॉकलेटी घेतला. पुढं मालक बदलले तसे रंगही बदलत गेले, १९२३ नंतर तर ती लाइन लंडन मिडलंड अँड स्कॉटिश (एलएमएस) रेल्वेकडं गेली. दिवा मात्र लावला, मोठा. क्लबात कुणीतरी म्हणालं की तो काही वर्षांतच काढला होता. असू दे. नावाच्या पाट्याही कोरीवच येतात. पाटीवर रंग मारायचा आणि वाळला की अगदी बारीक पॉलिश पेपर सपाट ठोकळ्यावर लावून वरून एकदा फिरवायचा. अक्षरांचं पितळ उघडं पडतं, खोलगट जागा रंगीत राहते.

क्लबच्या छोट्या गेजच्या लेआउटवर चाचणी झाली. मागं लीक-मॅनिफोल्डचे दोन लांबलचक पिवळसर डबे. मूळ लाइनवर असे एकूण चारच होते. आणि शेवटी ट्रान्स्पोर्टर. मोठ्या गेजची वाघीण उचलून न्यायची ती खोलगट गाडी, मॅनिफोल्डच्या दरीत दुधाचा माल तसाच्या तसा मोठ्या लाइनवर पोचवायला केलेली. सपाटीवर इंजिन छान चाललं, सावकाश, दांड्यांची हालचाल नीट दिसत होती. चढावर पहिल्या वळणाला चाकं जागच्या जागी फिरली. मोबाइल स्टँडवर होता, अण्णा कुर्डुवाडीहून बघत होते.

“वाळू मार की,” ते म्हणाले.

वाळू मारता येत नाही, चिमूटभर वाळूनं गिअर संपले असते. रूळ स्पिरिटनं पुसले, स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे धुराड्याखालच्या भागात, पुढच्या बाजूला आणखी शिसं कोंबलं. तेवढ्यानं ट्रान्स्पोर्टरसकट चढ चढला. तिसरा डबा जोडला की अजून घसरतं. क्लबमधल्या त्या गृहस्थांचं म्हणणं, चाकांच्या काठावरची निकेलची झिलई झिजू दे, पकड आपोआप येईल. अण्णांचं म्हणणं, शिसं अजून भर, बंकरमध्ये नको, पुढं. दोघांचंही ऐकायचं ठरवलंय. बॉयलरच्या पुढच्या टोकाशी अजून थोडी जागा आहे.